चिऱ्यावर उभी केलेली जीप

जीप खाली बसली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. पावसात भिजलेला बांध ढासळावा तसा एक दबका आवाज आला, आणि महादूचे पाय, जे तोवर जीपच्या मागून बाहेर दिसत होते आणि हातोडीच्या ठोक्याबरोबर हलत होते, ते हलायचे थांबले. मी घरापुढच्या खळ्याच्या कडेला तांदूळ निवडत बसले होते. अंता गवंडी, महादूचा लहानपणापासूनचा मित्र, नुकताच गाडीखालून बाहेर येऊन माझ्यापाशी तंबाखू मळत उभा होता. आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. जीपची मागची बाजू ज्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर टेकवली होती, त्यातला डावीकडचा वरचा चिरा फुटला होता, आणि मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा, ज्याला गाडीवाले डिफरन्शिअल म्हणतात, तो महादूच्या छातीवर आला होता. अंता "महादू, महादू" करत नुसता उभा. मी त्याच्या हातावर फटका मारला आणि म्हटलं, "नाव काय घेतोस मेल्या, जॅक आण." जॅक आणला, तर तो आत जाईल एवढी जागा खाली राहिली नव्हती. कापणीचे दिवस, वाडीतले बापये सगळे शेतात. माझ्या ओरडण्याने धावून आल्या त्या बायकाच जास्त. मांडवाचा वासा उपसला, एका चिऱ्याचा टेकू दिला, सगळ्यांनी भार टाकून जीप उचलली आणि महादूला ओढून बाहेर काढलं. तो जिवंत होता. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. आता दवाखान्यात न्यायचं, तर आमच्या वाडीत आजाऱ्याला न्यायची गाडी एकच, आणि ती ही अशी चाकं काढून खळ्यात पडलेली. वरच्या सड्याच्या माळावरून रिक्षा येईपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. रत्नागिरी यायच्या आधीच, रिक्षात, तो गेला.

महादू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत आंब्यावर दगड मारत फिरायचा, त्यामुळे भावजी वगैरे मी त्याला कधी म्हटलं नाही. तो मला वयनी म्हणायचा आणि मी त्याला महादू. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पेपरात लिहायची मला हौस नाही. पण तुमच्याच पेपरात त्याची बातमी आली, त्यात छापलं होतं की मित्राला गाडीखालून बाहेर ढकलून त्याने स्वतःचा जीव दिला. ते वाचून मला राग आला तो अजून उतरलेला नाही. मी तिथे होते. त्याने कोणाला ढकललं नाही. तुम्ही आठवणी मागवता म्हणून मी ही पाठवते आहे, आणि जे झालं ते झालं तसं छापणार असाल तरच छापा.

माणूस कसा होता म्हणाल, तर हट्टी. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं म्हणतात, पण हट्ट हीच त्याची मोठी गोष्ट, ती गाळली तर मागे काय राहतं. तरुणपणी मुंबईला गेला, एका शेठकडे गाडीवर राहिला. शेठने एकदा कोणाच्या तरी देखत त्याला अरे ड्रायव्हर म्हणून हाक मारली, तर हा भर रस्त्यात चावी त्याच्या हातात देऊन चालत निघाला. काही वर्षांनी गावाला आला तो ही जीप घेऊनच. जुनी, पत्रा ठिकठिकाणी गंजलेला, दार लावायचं तर आतून दोरीने ओढायचं. आमच्या घरात हौसेची वस्तू म्हणाल तर तेवढीच. मोसमात आंब्याच्या पेट्या, बाकीच्या दिवसांत माणसं. आरे-वाऱ्याच्या रस्त्याने तो रत्नागिरीला जायचा, आणि समुद्र दिसला की आतल्या माणसांना सांगायचा, "बघून घ्या, याचे वेगळे पैसे नाय." वर्षानुवर्षं तेच बोलायचा, आणि स्वतःच हसायचा. मी त्याला म्हणायची, "अरे तीच तीच माणसं रोज बसतात, त्यांना किती वेळा सांगशील." तर म्हणे, "समुद्र पण तोच हाय, तो कंटाळतो काय?"

माझे यजमान गेले, नंतर त्याची बायको गेली. घराच्या दोन बाजूंना आम्ही दोघं उरलो, पण चूल एकच. त्याचा मुलगा सुहास लोट्याला एमआयडीसीतल्या कंपनीत, पाळीवर, सुट्टी मिळाली की यायचा. महादू आणि मी भांडत असू. मोठ्याने, रोज, आणि कारण लागत नसे. मासळीचं डोकं त्याला हवं आणि मलाही. आमटीला मी तिखट घातलं की तो पाणी घालायचा, माझ्यासमोर. पण वाडीत कोणाला रात्री-अपरात्री दुखायला लागलं, साप चावला, बाई अडली, की खळ्यातून हाक यायची आणि हा लुंगीवरच जीप चालू करायचा. परतल्यावर मी विचारायची, "काय झालं?" तर म्हणायचा, "मुलगी झाली. सीट धुवायला पाणी दे." एवढंच. त्याच्यात कधी रंगवून सांगणं नाही.

ती जीप ठिबकायला लागली ते पावसाळ्याच्या शेवटाला. मागच्या गोळ्यातून, जिथे पुढून येणारा दांडा त्याला जोडतो तिथून, काळं जाड तेल थेंब थेंब गळायचं. मी दसऱ्याआधी खळं सारवून घेतलं, दुसऱ्या दिवशी मधोमध काळा डाग, आणि कोंबड्या त्यात पाय बुडवून थेट ओटीवर. मी त्याला ओटी दाखवली. तो म्हणाला, "कोंबड्या बांधून ठेव." मी म्हटलं, "गाडी बांधून ठेव." मग त्याने खाली तेलाचा एक जुना डबा कापून ठेवला, आणि डब्यात साठलेलं गाळून परत गाडीतच ओतायचा. सुहासने फोनवर सांगितलं, "बाबा, शहरात गॅरेजला टाका, आतलं सील गेलं असेल, एका दिवसाचं काम." पण मागे एकदा गॅरेजवाल्याने एक नट सैल ठेवला होता, तेव्हापासून महादूने शपथच घेतल्यासारखं केलं होतं. गाडीला परका हात नाही. सील त्याने शहरातून आणलं, बसवणार तो स्वतः. आणि मदतीला कोण, तर अंता.

आता अंताचं सांगते. अंता चांगला गवंडी. आमच्या वाडीतली निम्मी घरं त्याने बांधलेली. चिरा उचलला की हातोडीने एकदा वाजवायचा, कान लावायचा, आणि खणखणीत वाजला तरच भिंतीत घ्यायचा. त्या दिवशी फणसाखाली कधीच्या पडलेल्या चिऱ्यांतून त्याने असेच वाजवून चिरे निवडले आणि मागच्या चाकांच्या आसाखाली दोन्ही बाजूंना एकावर एक लावले. मी विचारलं, "अंता, हे धरेल ना?"

अंता हसला. "वयनी, तुमचं घर कशावर हुबं हाय?"

"चिऱ्यावर."

"मग? घरापरास जीप जड हाय काय?"

महादूने गाडीच्या पलीकडून ओरडून सांगितलं, "तिला काय इचारतोस, ती माझ्या स्वयंपाकाला पण भिते."

यावर आम्ही तिघेही हसलो. इथे सगळे असंच करतात. दुसऱ्या मुलखात गाडीच्या टेकूला लोखंडी घोडे असतील, लाकडाचे ओंडके असतील, आमच्याकडे चिरा. विहीर चिऱ्याची, कुंपणाचा गडगा चिऱ्याचा, तुळस चिऱ्यावर, पाणी तापवायची चूलही चिऱ्याची. गाडी वर घ्यायची तर चिरा शोधावा लागत नाही, पायात येतो. आणि तो घराचं वजन धरतो हे जन्मापासून बघितलेलं, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण भिंतीत वरचा भार सगळ्या चिऱ्यावर सारखा पसरतो. इथे गोल लोखंडी आस चिऱ्याच्या एका रेघेवर टेकलेला होता, नारळाच्या एकाच जागी कोयता बसावा तसा. त्यातून चिरा पावसाळाभर भिजलेला. आणि वरून खणखणीत वाजणाऱ्या चिऱ्याच्या पोटात कधी कधी पिवळी माती असते, हे अंताला माझ्याहून चांगलं माहीत.

दोघं खाली गेले. आधी दांडा सोडवला, ते सोपं गेलं. मग त्या गोळ्याच्या तोंडावरचा मोठा नट. तो हलेना. महादूने पान्ह्यावर पाण्याचा लोखंडी पाइप चढवला, अंताने पलीकडून दुसऱ्या पान्ह्याने अडवून धरलं, आणि दोघांनी दात आवळून हिसके दिले. प्रत्येक हिसक्याला जीप हलत होती. मी म्हटलं, "गाडी हलतेय रे." महादू म्हणाला, "हलवतोय म्हणून हलतेय." शेवटी नट सुटला. खालून दोघांचा आनंदाचा आवाज आला, शिवी देऊन. महादू अंताला म्हणाला, "जा, तू तंबाखू मळ. आता माझं मी करतो." अंता सरपटत बाहेर आला. महादू आत हातोडीने ठोकून नटाच्या मागचा भाग सैल करायला लागला. पुढचं वर लिहिलंच आहे. आणि मागची काढलेली दोन्ही चाकं गडग्याला टेकून उभी होती. नंतर दिवसकार्याला आलेल्या एका ट्रकवाल्याने मला सांगितलं, काकू, चाकं काढली की तीच गाडीखाली आडवी सरकवायची, मग काही झालं तरी गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. एवढी साधी गोष्ट. महादू जन्मभर गाडीवाला, त्याला ही माहीत नसेल? माहीत होती. चिऱ्यापुढे त्याला तिची गरज वाटली नाही. मला या गोष्टीचा राग येतो आणि महादूचाही येतो. रात्री त्याच्या बाजूचा दिवा लावायला जाते तेव्हाही मी त्याला शिव्याच देते.

सुतकाच्या दिवसांतच ती गोष्ट सुरू झाली. भेटायला येणारे ओटीवर बसून म्हणायला लागले, मित्रासाठी जीव दिला. आधी मला वाटलं, बोलतात, बोलू देत. मग बातमी आली. मग सुहासच्या कंपनीतले लोक आले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून तेच सांगितलं, आणि सुहास, जो इतके दिवस भिंतीला पाठ लावून बसला होता, तो पहिल्यांदा जेवला. तेव्हा मी गप्प बसले. पोरगं जेवतंय, जेवू दे. अंता रोज यायचा, कोपऱ्यात बसायचा, हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. मी त्याच्याकडे बघितलं की खाली बघायचा.

मला गप्प बसू दिलं नाही ते रमेशने. रमेश आमच्या खालच्या घरचा, त्याचा मालाचा पिकअप आहे, जो महादूच्या दिवशी भाडं घेऊन बाहेर होता. तेरावं होऊन थोडेच दिवस झाले होते, मी पाण्याच्या वाटेने जात होते, तर त्याच्या खळ्यात पिकअपची मागची बाजू वर, चाकं काढलेली, खाली चिरे. त्याचे पाय बाहेर दिसत होते. माझ्या हातातली कळशी मी तिथेच ठेवली.

"रमेश, बाहेर ये."

"काय वो काकू?"

"आधी बाहेर ये."

तो आला. हातात पान्हा, कपाळावर ग्रीस. मी म्हटलं, "काल-परवा महादूला पोचवून आलास ना तू? खांदा दिलास ना?"

"काकू, चिरा बघून घेतलाय."

"त्यानेही बघूनच घेतला होता."

"महादूकाकांचं वेगळं," तो म्हणाला. अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाला. "ते अंताकाकांना काढायला गेले म्हणून सापडले. नायतर निघाले असते की बाहेर. चिऱ्यात काय दोष?"

 तेव्हा मला कळलं की ही गोष्ट नुसती खोटी नाही. या गोष्टीत चिरा फुटतच नाही. तिच्यात महादू मोठा होतो आणि चिरा निर्दोष सुटतो, आणि वाडीतला प्रत्येक जण परत त्याच चिऱ्याखाली जाऊन झोपतो. मी रमेशला सांगितलं, "मी परत येईपर्यंत खाली गेलास तर तुझ्या आईला इथे आणून बसवीन." आणि अंताच्या घरी गेले.

अंता पडवीत बसला होता. मी बसले नाही. विचारलं, "जीप बसली तेव्हा तू कुठे होतास?"

"तुमच्यापाशी."

"मग ढकललं कोणी आणि कोणाला?"

त्याने तंबाखूची चंची बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मी तसं सांगितलं नाय, वयनी. दवाखान्यात कोणीतरी इचारलं, तुमी कसे वाचलात. मी म्हटलं, महादूमुळं. त्याने सांगितलं ना, जा तंबाखू मळ… म्हणून मी भायेर आलो. तेवढंच म्हटलं मी. मग लोकांनीच पुढचं केलं."

"आणि तू करू दिलंस."

"व्हय."

"का?"

"आख्खा जन्म चिऱ्यात गेला माझा," तो म्हणाला. "एक भिंत पडली नाय. मी सांगू काय लोकांना, माझ्या हातचा चिरा…" आणि तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. आली असती तर मी तसं लिहिलं असतं. मी म्हटलं, "रडायचं ते नंतर रड. रमेश गाडीखाली जातोय. ऊठ, पहार घे."

तो उठला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. रमेशच्या खळ्यात आम्ही गेलो तेव्हा आवाज ऐकून चार माणसं जमली होती. अंताने जॅक लावायला सांगितला, पिकअप उचलून धरला, आणि आसाखालचा वरचा चिरा काढून घेतला. सगळ्यांसमोर हातोडीने वाजवला. खणखणीत वाजला. मग तो जमिनीवर ठेवला, पहार त्याच्यावर आडवी ठेवली आणि घणाने तिच्यावर मारलं. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला चिरा रेघेत दुभंगला. याच्या पोटात माती नव्हतीच. चांगला चिरा होता तो. अंता म्हणाला, "बघितलंत? हा मी भिंतीत घेतला असता." आणि मग रमेशकडे न बघता, माझ्याकडेही न बघता म्हणाला, "महादूने मला ढकललं नाय. मी भायेर होतो. चिरा मी निवडलेला होता." रमेशने चाकं लोटत आणली आणि पिकअपखाली आडवी सरकवली.

राहिला सुहास. त्याला मी फोनवर सांगणार नव्हते. तो सुट्टीला आला, जेवण झालं, आणि मी सांगितलं. सगळं, वर लिहिलंय तसं. त्याचा चेहरा उतरला. "काकी," तो म्हणाला, "तुला हे सांगून काय मिळालं? लोक मला सांगत होते, तुझे बाबा कोणाला तरी वाचवून गेले. तेवढंच होतं माझ्याकडे."

"रमेश गाडीखाली होता."

"मग रमेशला सांगायचं. मला कशाला?" आणि मग हळू विचारलं, "मग बाबा कशासाठी गेले?"

"कशासाठीच नाही. सील बदलायला खाली गेला आणि चिरा फुटला."

तो उठून बाहेर गेला. खळ्यात अंधार होता, मी ओटीवरच राहिले. मला गोड बोलता येत नाही आणि आता या वयात शिकणार नाही. पण एक गोष्ट मला येत होती ती मी केली. मी तिथूनच नावं घ्यायला लागले. वाडीतली शेवंती, बाळंतपणात अडली होती, महादूने नेली, ती आणि तिची मुलगी दोघी आहेत. तिची मुलगी आता कॉलेजात जाते. पाटलांचा विलास, फुरसं चावलं होतं, तो आहे. रमेशची आई, छातीत कळ आली होती, ती आहे, आजच भांडून गेली माझ्याशी. स्वतः अंता, बांधकामाच्या परांचीवरून पडला होता तेव्हा. मला आठवतील तेवढी मी घेतली, आठवली नाहीत ती असतील. सुहास पाठमोरा होता. मी म्हटलं, "तुझ्या बापाने वाचवलेली माणसं या वाडीत चालतात, फिरतात, भांडतात. त्यात एक खोटा माणूस घालायची त्याला गरज नाही."

 तो परत आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "पेपरात छापलंय ते?"

"ते खोटं आहे असं मी त्यांना कळवणार."

"तू लिहिणार?"

"मग कोण? तिथे होतं कोण?"

 दुसऱ्या दिवशी लोट्याला जायच्या आधी त्याने मला कागद आणून दिले. राग गेलाय का त्याचा, मला माहीत नाही. माझा गेलेला नाही. महादूवर आहे, अंतावर आहे, ज्यांनी ओटीवर बसून माझा चहा पिऊन ती गोष्ट रंगवली त्यांच्यावर आहे. पण रागावलेल्या माणसालाही खरं सांगता येतं, आणि खरं एवढंच आहे. त्या दिवशी खळ्यात आम्ही तिघे होतो. कोणी कोणाला वाचवलं नाही. महादू गेला. अंता जगला, आणि मी जगले.